इकराचे तीन गुण

शिरूर अनंतपाळच्या हायस्कुलात धर्मापुरीकर सरांचा गणिताचा तास चालू असला की बाजूच्या वर्गातला मास्तरसुद्धा बोलणं थांबवून ऐकत राही. रेणुकादास धर्मापुरीकर मूळचे कंधारचे. वडील मास्तर, आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून. घरात लिहिण्यावाचण्याची चाल होती आणि रेणुकादासांना तिचा अभिमान होता. पुस्तकातली गणितं त्यांना बेचव वाटायची. ती बाजूला ठेवून ते स्वतःची शाब्दिक उदाहरणं रचत. वाक्य चांगलं लांब, घोटीव आणि शेवटी एक गाठ. पोरांनी गाठ सोडवली की सर खूश. नाही सुटली तर म्हणत, "वाचता येत नाही का तुम्हाला?"

त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते भेटेल त्याला सांगत. गणिताला भाषा नसते. दोन अधिक दोन लंडनला चार आणि शिरूरलाही चारच. ज्याला गणित येत नाही त्याने भाषेचा बहाणा करू नये.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पंधरा-वीस दिवसांनी दस्तगीर पिंजारी आपल्या मुलीला घेऊन शाळेत आला. औशाकडच्या एका गावात त्याचं घर होतं. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचा त्याचा धंदा. घर बसलं, म्हातारी आई गेली. उरलेली माणसं काही दिवस पत्र्याच्या खोलीत राहून शिरूरला मेव्हण्याकडे आली होती. मुलीचं नाव इकरा, वय तेरा, आठवीत. आतापर्यंत सगळं शिक्षण उर्दू शाळेत झालेलं. शिरूरला उर्दू शाळा होती ती चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मराठीतच.

"पोरगी हुशार हाय, सर," दस्तगीर म्हणाला. "तिथं पहिली येत होती. हिसाबात तर लईच तेज. मराठीच जरा कच्ची हाय."

"मग काळजी करू नका, दस्तगीरभाई," रेणुकादास म्हणाले. "हिसाब येतो ना? आकडे सगळीकडे सारखेच."

त्यांनी हे अगदी मनापासून सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर आकड्यांची उदाहरणं घातली तेव्हा खाली बसलेल्या मुलांमध्ये सगळ्यांत आधी हात वर गेला तो इकराचा. सर बोलून गेले, "वा, भूकंपानं आम्हाला हिरा दिला." वर्ग हसला. इकराला हिरा कळला, बाकीचं वाक्य कळलं नाही, पण सर खूश आहेत एवढं तिला समजलं.

त्या दिवसांत भूकंपाशिवाय दुसरा विषय नव्हता. सरांनाही तोच सुचला. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एका वसाहतीत पत्र्याच्या खोल्या व तंबू यांचे प्रमाण अनुक्रमे तीनास पाच असून तंबूंची संख्या ही खोल्यांच्या दुपटीपेक्षा वीसने कमी आहे, तर प्रत्येकी संख्या काढा. उदाहरण त्यांना फार आवडलं होतं. घरी बायकोलाही त्यांनी ते वाचून दाखवलं. उत्तर सरळ होतं, साठ खोल्या आणि शंभर तंबू. पत्र्याच्या खोलीत खरोखर राहून आलेली वर्गात एकटी इकरा होती. तिने वहीत तीन आणि पाच लिहिले, वीस लिहिला आणि तिथेच थांबली.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "सर, अनुक्रमे म्हणजे काय?"

मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. सर हाताचा खडू पुसत होते. "हा मराठीचा तास नाही, बाई. मराठीच्या सरांना विचार," ते म्हणाले. त्यांचा आवाज कडक नव्हता, किंचित थट्टेचाच होता. पण त्यानंतर इकराने त्यांना कधी काही विचारलं नाही.

सहामाही परीक्षा त्या वर्षी उशिरा झाली. इकरा राजश्रीच्या शेजारी बसायची. राजश्री पोस्टमास्तरांची मुलगी, वर्गात दुसरी-तिसरी येणारी. गणिताच्या पेपराला रेणुकादास स्वतःच वर्गावर होते. अर्ध्या तासाने त्यांना कुजबुज ऐकू आली. मान वळवली तर राजश्री इकराकडे वाकून काहीतरी सांगत होती. त्यांनी दोघींना उभं केलं.

"सर, म्या उत्तर नाही सांगितलं," राजश्री म्हणाली. "तिनं विचारलं हे गणित काय विचारून राहिलंय. म्या फकस्त त्याचा मानी, अर्थ, सांगितला."

"मानी सांगणं म्हणजे नक्कलच," सर म्हणाले, आणि दोघींचे पाच-पाच गुण कापले.

पेपर तपासताना त्यांना आणखी काही दिसलं. इकराने दोन शाब्दिक उदाहरणं बरोबर सोडवली होती आणि दोन्हीचं उत्तर राजश्रीच्या उत्तराशी जुळत होतं. बरोबर उत्तर दोघींचं सारखंच असणार, हे गणिताच्या मास्तराला कोणी सांगायला नको होतं. शिवाय इकराची रीत वेगळी होती. राजश्रीने समीकरण मांडून केलं होतं, इकराने अंदाज धरून, तपासून, पुन्हा धरून. रेणुकादासांनी ते पाहिलं, पण थांबून विचार केला नाही. पायऱ्या लिहिलेल्या नाहीत, एवढंच त्यांच्या मनाने धरलं. शिक्षकांच्या खोलीत ते बोलून गेले की नवी पोरगी नकला करते. शब्द तोंडातून गेला आणि संध्याकाळपर्यंत गावात फिरला.

दस्तगीर दुसऱ्या दिवशी आला. हात जोडून उभा राहिला. तो वाद घालायला आला नव्हता, हेच पुढे रेणुकादासांना जास्त बोचत राहिलं. मास्तराचा शब्द त्याच्यासाठी शेवटचा होता. तो एवढंच म्हणाला, "आमच्या घरात चोरी नव्हती, सर. मी तिला समजावतो."

वार्षिक परीक्षेत रेणुकादासांनी इकराचं बाक उचलून आपल्या टेबलाशेजारी ठेवायला लावलं. सगळ्या वर्गासमोर ती एकटी, भिंतीकडे तोंड करून बसली. तीन तास तिने मान वर केली नाही. सर अधूनमधून तिच्या कागदाकडे बघत होते. आकड्यांची उदाहरणं ती एकामागून एक उतरवत होती. बाजूच्या समासात उर्दूत काहीतरी बारीक लिहीत होती आणि पुन्हा उदाहरणाकडे येत होती. शाब्दिक उदाहरणांच्या जागी मात्र तिने फक्त क्रमांक घातले आणि खाली जागा कोरी सोडली.

पेपर घरी नेऊन तपासला तेव्हा बेरीज बत्तीस आली. पास व्हायला पस्तीस लागत होते. आकड्यांच्या एकूण चौतीस गुणांपैकी बत्तीस तिने मिळवले होते. एकटी बसून, भिंतीकडे तोंड करून, टेबलाला लागून. कोणाकडे बघून लिहिलं असेल म्हणावं तर बघायला कोणी नव्हतंच.

रेणुकादासांना तेव्हाच कळलं. पुढे ते स्वतःला फसवत राहिले, की आपल्याला उशिरा समजलं, काळच तसा होता, भूकंपाच्या गोंधळात कोणाचं डोकं ठिकाणावर होतं. पण खरं हे होतं की त्या दिवशी दुपारी, ओसरीवर बसून, लाल पेन हातात धरून त्यांना स्वच्छ कळलं होतं की ही मुलगी नक्कल करत नव्हती. तिला गणित येत होतं, आपली वाक्यं येत नव्हती. आणि हे मान्य केलं तर शिक्षकांच्या खोलीत बोललेला शब्द परत घ्यावा लागला असता, दस्तगीरच्या जोडलेल्या हातांना उत्तर द्यावं लागलं असतं. त्यांनी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात खाली घातली.

निकालाच्या बैठकीत मुख्याध्यापक शंकरप्पांनी ती नेमकी वर काढली. शंकरप्पा निलंग्याकडचे, घरात कानडी बोलणारे, मऊ माणूस. ते म्हणाले, "तीनच गुण कमी आहेत. भूकंपातली पोरगी आहे. देऊन टाकू."

नियमात ते बसत होतं. नुसती मान हलवायची होती. रेणुकादास म्हणाले, "सर, द्यायला माझी हरकत नाही. पण नकला करणारीला गुण वाढवून दिले तर बाकीच्यांना काय सांगायचं?"

शंकरप्पांनी कागद खाली ठेवला.

जूनमध्ये इकरा शाळेत आली नाही. दस्तगीरचं कुटुंब नांदेडला गेल्याचं कोणीतरी सांगितलं. रेणुकादासांनी हजेरीपटावरून नाव कमी केलं.

दहा वर्षं गेली. तेवढ्यात लातूर बदलून गेलं. बोर्डाच्या यादीत लातूरची नावं यायला लागली आणि सगळ्या मराठवाड्यातून आईबाप पोरांना घेऊन तिथे धडकू लागले. गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या, घरोघरी पोरं ठेवायच्या खोल्या, डबे पोचवणाऱ्या बायका. दोन हजार तीन साली रेणुकादासांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बायको गोदावरीबाईंना घेऊन ते लातूरला आले. अनय नावाचा एक तरुण इंजिनियर मोठा क्लास चालवत होता. त्याने त्यांना मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांसाठी घेतलं. पोरांना सरांचा तास आवडला. मग एक दिवस अनय म्हणाला की अकरावीची एक तुकडी घ्या, शिकवणारा माणूस अचानक सोडून गेला आहे.

अकरावीचं गणित इंग्रजीत. रेणुकादासांना त्याची धास्ती वाटली नाही. बी.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजीतच होती. पण त्यातली चिन्हंच त्यांनी वाचली होती, वाक्यं ओलांडून पुढे गेले होते, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका उदाहरणात समिती निवडायची होती, ॲट मोस्ट तीन बायका असलेली. मोस्ट म्हणजे जास्त, हे सरांना माहीत होतं. त्यांनी तीन आणि तीनपेक्षा जास्त बायकांच्या समित्या काढल्या. सुंदर अक्षरात फळा भरवला. उत्तर पुस्तकाशी जुळेना. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. शंभर-सव्वाशे मुलं गप्प बसून बघत होती. इंग्रजी शाळेतून आलेल्या एका मुलीने हळूच सांगितलं, सर, जास्तीत जास्त तीन. सरांनी ऐकलं, पण ते फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना पुढचं काही सुचेना. गणित येत होतं, सगळं येत होतं, आणि तरी ते एखाद्या ढ पोरासारखे तिथे उभे होते. मागच्या दारात अनय उभा असल्याचं त्यांना नंतर दिसलं.

अनय त्यांना आपल्या खोलीत घेऊन गेला. रागावला नाही. त्याने एका कोऱ्या कागदावर चाळीसेक शब्द लिहून काढले, प्रत्येकापुढे मराठी अर्थ. त्यात रिस्पेक्टिव्हली होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, अनुक्रमे.

"त्यात काय, सर," तो म्हणाला. "शब्दच तर आहेत. गणित तर तुम्हाला येतंच."

रेणुकादासांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. अनयला वाटलं सरांना अपमान वाटला. तो आणखी समजावू लागला. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. दहा वर्षं गठ्ठ्याखाली दाबून ठेवलेला कागद पुन्हा वर आला होता.

घरी जाऊन त्यांनी गोदावरीबाईंना सगळं सांगितलं. तीन गुणांचं, शंकरप्पांचं, सगळं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा उच्चारली. गोदावरीबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"पोरीला माहीत आहे का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग?"

पुढच्या रविवारी ते शिरूरला गेले. दस्तगीरच्या मेव्हण्याने त्यांना ओळखलं, बसायला खुर्ची दिली आणि नांदेडचा पत्ता दिला. त्याच्या पुढच्या रविवारी ते पहाटेच्या एसटीने नांदेडला उतरले. स्टँडवरून ऑटो केली. देगलूर नाक्याच्या पुढे, आत एका बोळात, खाली कापसाचं दुकान आणि वर दोन खोल्या. दुकानाला कुलूप होतं. जिन्यावर मुलींच्या चपला एकात एक घातलेल्या होत्या आणि वरून पाढे म्हटल्याचा आवाज येत होता.

इकराने दार उघडलं. ती आता तेवीस वर्षांची होती. ओढणी डोक्यावर, बोटांना खडू. तिने त्यांना लगेच ओळखलं, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आत पंधरा-सोळा मुली चटईवर बसल्या होत्या. तिने त्यांना सुट्टी दिली. मग म्हणाली, "बसा, सर."

रेणुकादासांनी पहिल्यांदा दस्तगीरची चौकशी केली. त्यांना वाटत होतं, जे सांगायचं ते बापासमोर सांगावं.

"अब्बा मागच्या रमजानच्या आधी गेले," इकरा म्हणाली. "छातीत कापूस बसला होता. डॉक्टर म्हणाले धंद्यामुळं."

आतल्या खोलीच्या दारात तिची आई बानो उभी होती. पांढरी साडी, हातात सुईदोरा. ती पुढे आली नाही.

रेणुकादासांनी सांगायला सुरुवात केली. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरली. त्यांनी साधंच सांगितलं की वार्षिकला तुला एकटीला बसवलं तेव्हाच मला कळलं होतं की तू नक्कल करत नव्हतीस. तुझी आकड्यांची जवळजवळ सगळी उदाहरणं बरोबर होती. मला कळलं आणि मी बोललो नाही.

इकराने हातातला खडू फळ्याखाली ठेवला.

"नापास झाल्याचं मला काही वाटत नाही आता," ती म्हणाली. "इथं दोन वर्षं घरी बसले. मग रात्रंदिवस अम्मीच्या मागं लागून बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, उर्दूतून दहावी दिली. गणितात दीडशेपैकी एकशे एकेचाळीस. अब्बांना कागद दाखवला. त्यांनी बघितला, चांगलं आहे म्हणाले, आणि विचारलं, या वेळी कोण बसलं होतं शेजारी. ते रागानं नाही बोलले, सर. खरंच त्यांना वाटत होतं. मास्तर खोटं कशाला बोलेल, असं म्हणायचे. मरेपर्यंत त्यांना वाटत राहिलं की मी नकला केल्या होत्या."

खाली बोळातून भाजीची गाडी गेली. रेणुकादास माफी मागायला आले होते, पण ज्याच्याकडे मागायची तो माणूस राहिला नव्हता. ते म्हणाले, मी लिहून देतो, सही करून देतो.

"कोणाला दाखवू?" इकराने विचारलं.

मग तिने आईकडे बघून दखनीत काही सांगितलं. बानोने सगळं आधीच ऐकलं होतं. ती तिथूनच बोलली, सावकाश, सरांना समजावं म्हणून मराठीत. "त्यांना सांगायचं होतं. मला सांगून काय फायदा. मी कधी मानलंच नव्हतं." आणि ती आत गेली.

रेणुकादास उठू लागले तेव्हा इकराने त्यांना थांबवलं. तिच्याकडे येणाऱ्या मुली उर्दू शाळेतल्या होत्या. पुढे डी.एड.ला, नोकरीच्या परीक्षांना त्यांना मराठीत पेपर यायचा. गणित यायचं, वाचता यायचं नाही. इकराने त्यांच्यासाठी शब्दांची यादी करायला घेतली होती, पण तिचं स्वतःचं मराठी कानाने शिकलेलं. कुठे अडायची.

"तुमचंच ते वीसने कमी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात किंचित धार आली. "आमच्या उर्दूत ने लागला की तो करणारा. दस्तगीरने गादी भरी. मला वाटायचं, वीसने कुणाला तरी कमी केलंय. कुणी कुणाला केलं, तेच सापडायचं नाही. आणि पेक्षा म्हणजे काय, ते तर कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्हाला खरंच काही द्यायचं असेल तर हे शब्द सोपे करून द्या."

रेणुकादासांनी पहिली पन्नास शब्दांची यादी लातूरला बसून मोठ्या मेहनतीने केली. व्यस्त प्रमाण म्हणजे एका राशीच्या वृद्धीबरोबर दुसऱ्या राशीचा ऱ्हास होणे. इकराने ती वाचली आणि परत दिली. म्हणाली, "सर, हा अर्थ समजायला आणखी एक यादी लागेल." त्यांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्या खेपेला व्यस्त प्रमाणापुढे एवढंच उरलं: माणसं वाढली की दिवस घटतात. मुलींनी ते एका दमात समजून घेतलं. एवढं साधं वाक्य लिहायला आपल्याला चोपन्न वर्षं लागली, असं ते गोदावरीबाईंना म्हणाले.

दर दुसऱ्या रविवारी ते जाऊ लागले. ते कोपऱ्यात बसत, इकरा शिकवत असे. मुलींना तिने सांगितलं होतं की हे लातूरचे मास्तर आहेत, मराठीला मदत करतात. आपण त्यांच्या हाताखाली होतो हे ती कधी बोलली नाही. बानो चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची.

बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की सगळं मिटलं. रेणुकादास मात्र दर खेपेला तो चहा अर्धाच ठेवत. कारण त्यांनी सगळं सांगितलं नव्हतं. शंकरप्पा गुण द्यायला तयार होते आणि आपण त्यांना अडवलं, एवढं त्यांनी गिळलं होतं. त्या पहिल्या रविवारी दस्तगीर गेल्याचं ऐकलं आणि तेवढं वाक्य आतच राहिलं. आता इकरा त्यांना बघून कधीकधी हसायची. एकदा तिने स्वतः होऊन भागाकाराची एक नवी रीत त्यांना दाखवली. जितकं तिचं वागणं मोकळं होत गेलं तितकं ते राहिलेलं वाक्य जड होत गेलं. गप्प राहून आपण दुसऱ्यांदा तेच करतो आहोत, हे त्यांना दिसत होतं.

सात-आठ महिन्यांनी, एका रविवारी मुली गेल्यावर, त्यांनी ते सांगितलं. शंकरप्पांच्या हातातला कागद, तीन गुण, आपण काय बोललो ते शब्दशः.

इकरा फळा पुसत होती. ती वळली नाही.

"त्यांना द्यायचे होते?"

"हो."

"आणि अब्बांना आम्ही सगळे म्हणत राहिलो की तीन गुणांनी नशीब फुटलं." ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग फळा पूर्ण पुसून तिने कापड खिडकीत वाळत घातलं. "तुम्ही पुढच्या वेळी येऊ नका, सर."

रेणुकादास जिना उतरले. बसमध्ये त्यांना हलकं वाटलं नाही. आपण खरं बोललो याचा आनंद होईल अशी त्यांना आशा होती, पण तसं काही झालं नाही. उलट त्यांना दिसत राहिला तो खिडकीत कापड पसरणारा हात. त्यांनी शंकरप्पांना पत्र लिहिलं. शंकरप्पा निवृत्त होऊन उदगीरला मुलाकडे होते. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं की मलाही तेव्हा वाटलं होतं, मीही जोर धरला नाही, आपण दोघंही वाटेकरी. रेणुकादासांना त्यात समाधान शोधावंसं वाटलं नाही.

क्लासमध्ये ते आता अकरावीच्या मुलांना पहिले पंधरा दिवस एकही उदाहरण सोडवू देत नसत. वाक्य वाचायचं, काय दिलं आहे आणि काय विचारलं आहे ते आपापल्या बोलीत सांगायचं. कोणी कानडीत सांगे, कोणी बंजारा बोलीत. ज्याला शब्द अडला त्याने शेजाऱ्याला विचारायचं, मोठ्यानं विचारायचं. अनयला सुरुवातीला तो वेळेचा नास वाटला. घटक चाचणीचे गुण आल्यावर त्याने काही म्हटलं नाही. रेणुकादासांचं कोणी कौतुक केलं की ते विषय बदलत.

दोन महिन्यांनी नांदेडहून एक जाड पाकीट आलं. आत त्यांच्याच हातची यादी होती, भूमितीचे शब्द. बऱ्याच ओळींच्या शेजारी लाल पेनाने खुणा केलेल्या. समलंब, छेदिका, आंतरकोन. वर उर्दू वळणाच्या, जरा तिरक्या मराठी अक्षरात दोनच वाक्यं होती.

"हे अवघड आहे. पुन्हा लिहून पोस्टाने पाठवा."

खाली नाव नव्हतं, सरांच्या नावाने काही मायनाही नव्हता. रेणुकादासांनी ते दोनदा वाचलं. गोदावरीबाईंनी विचारलं काय आलं, तर त्यांनी कागद पुढे केला. मग चष्मा पुसला, कोरे कागद घेतले आणि ओट्यावर उजेडात बसून समलंबापासून सुरुवात केली.

पुढची चार वर्षं पाकिटं येत राहिली, जात राहिली. नांदेडला त्यांना पुन्हा कोणी बोलावलं नाही आणि तेही आपणहून गेले नाहीत.